ठोकळ्यांचा ट्रक आणि बोटांची शाळा

बालरोगतज्ज्ञांच्या टेबलाच्या खणात बहुधा एक छोटी थैली असते. तिच्यात एक इंच लांबी-रुंदी-उंचीचे दहा लाकडी ठोकळे. मूल नीट जेवतं का, बोलतं का, हे आईला विचारून झालं की डॉक्टर ते ठोकळे मुलासमोर ठेवतात आणि गप्प बसून बघतात. साधारण सव्वा वर्षाचं मूल दोन ठोकळे एकावर एक ठेवतं, दीड वर्षाचं तीन, दोन वर्षांचं सहा. तिसऱ्या वर्षी नऊ ठोकळ्यांचा मनोरा उभा राहतो. मनोऱ्याहून मजेची परीक्षा गाडीची. करून दाखवलं की दोन वर्षांचं मूल ठोकळे ओळीत लावून आगगाडी करतं, आणि आणखी सहा महिन्यांनी त्याच गाडीच्या पहिल्या ठोकळ्यावर धुराडं ठेवायला लागतं. अमेरिकेत येल विद्यापीठात काम करणारे आर्नल्ड गेसेल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असे टप्पे बारकाईने नोंदवले. वाफेची इंजिनं गेली, पण परीक्षेतलं धुराडं राहिलं.

ठोकळ्यांची गाडी हा वेळ घालवायचा खेळ आहे असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चिमूट, नजर, तोल, आठवण आणि नक्कल या पाच गोष्टी एकाच वेळी तपासणारी याहून स्वस्त चाचणी सापडणं कठीण.

धामणगाव रेल्वेच्या मुलांना गाड्या बघायला लांब जावं लागत नाही. गावाच्या नावातच रेल्वे आहे. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तो इथूनच. कापसाचा हंगाम सुरू झाला की बंड्या, ट्रॅक्टर आणि ताडपत्री बांधलेले ट्रक दिसू लागतात. आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. चाकांचं खेळणं तर विदर्भाला मुळीच नवीन नाही. तान्ह्या पोळ्याला मुलं जो लाकडी बैल मिरवतात, त्याच्या पायांखाली चाकं असतात. खरा बैल पाहिलेल्या मुलालाही चाकांवरच्या बैलात काही चुकलंय असं वाटत नाही. तळेगाव दशासरच्या शंकरपटाच्या गप्पा ऐकलेल्या मुलाला तर नाहीच नाही.

फरक एवढाच की बैल सुतार करून देतो आणि मूल तो ओढतं. ट्रक स्वतः जुळवायचा म्हटला की काम बदलतं.

जगभर या हौसेचं सगळ्यात ओळखीचं नाव लेगो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. दोन वर्षांनी त्यांनी आपल्या धंद्याला ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव दिलं. वर गोल उंचवटे आणि आतून नळ्या असलेल्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्या काळातला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. दोन उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, ही मापं बदललेली नाहीत. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे किती तऱ्हांनी जोडता येतील? एका डॅनिश गणितज्ञाने संगणकाच्या मदतीने मोजलेलं उत्तर आहे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५.

१९७७ पासून या ठोकळ्यांच्या जोडीला दातेरी चाकं, दांडे आणि भोकं असलेल्या पट्ट्या आल्या आणि खेळण्यातल्या ट्रकला आतडी मिळाली. २०१५ मध्ये निघालेल्या एका मर्सिडीज ट्रकच्या संचात सुमारे २,८०० तुकडे होते. त्याला हवेच्या दाबावर चालणारी क्रेन होती आणि हौदाही उचलला जाई. पण खरे हौशी लोक अशा तयार संचावर थांबत नाहीत. ते रस्त्यावरचा एखादा ट्रक निवडतात, त्याचे चहूबाजूंनी फोटो काढतात आणि सुट्या ठोकळ्यांतून तो हुबेहूब उभा करतात. यात मोठी माणसंही असतात, किंबहुना मोठीच जास्त.

त्यांची सुरुवात चाकापासून होते, कारण बाकी सगळं ठोकळ्यांतून घडवता येतं, टायर मात्र मिळेल त्या मापाचा घ्यावा लागतो. आपल्याकडच्या ट्रकचा टायर उभा केला तर साधारण १०५ सेंटिमीटर उंच भरतो. हाताशी असलेला खेळण्यातला टायर सव्वासहा सेंटिमीटरचा असेल, तर प्रमाण ठरलं एकास सतरा. मग अडीच मीटर रुंदीचा खरा ट्रक पंधरा सेंटिमीटरच्या आतबाहेर येतो. उंचवट्यांत मोजलं तर अठरापेक्षा थोडा जास्त, एकोणिसापेक्षा थोडा कमी. अठरा घ्यावे की एकोणीस? अठरा घेतले तर चाकं बाहेर डोकावतात, एकोणीस घेतले तर मधोमध बसवायच्या वस्तूला मध्यच सापडत नाही. पाचवी-सहावीच्या मुलाने या प्रश्नावर एक संध्याकाळ घालवली, तर गुणोत्तर-प्रमाणाचा धडा वेगळा घोकायची गरज उरत नाही.

पुढचा अडसर मागच्या आसाचा. दोन चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर गाडी सरळ छान धावते, वळताना मात्र घासत जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. एक दांडा दोघांना वेगवेगळ्या वेगाने कसा फिरवणार? खऱ्या ट्रकमध्ये मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात या प्रश्नाचं उत्तर असतं. त्याला डिफरन्शियल म्हणतात. पुस्तकातल्या आकृतीवरून ते भल्याभल्यांना कळत नाही. तीन छोटी दातेरी चाकं बोटांनी जुळवून, एक चाक धरून ठेवून दुसरं फिरवलं की अर्ध्या मिनिटात कळतं. गिअरचंही तसंच. आठ दात्यांचं चाक चोवीस दात्यांच्या चाकाला फिरवतं तेव्हा वेग एक तृतीयांश होतो आणि जोर तिप्पट. घाट चढताना ट्रक का कण्हतो, ते इथं बोटाला जाणवतं.

‘बोटाला जाणवतं’ हा नुसता बोलण्याचा प्रकार नाही. एका हातात २७ हाडं असतात. दोन हातांची मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी पावहून अधिक. कॅनडातले मेंदू-शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागाला सूक्ष्म विद्युत स्पर्श करून कोणता भाग कोणत्या अवयवाचा, याचा नकाशा काढला. त्या नकाशात हाताने, त्यातही अंगठ्याने, पाठ आणि पाय यांच्या मानाने प्रचंड जागा अडवलेली दिसते. मोबाइलच्या काचेवर बोट सरकवायला या जमिनीचा फार थोडा तुकडा लागतो. काचेला ना धार, ना वजन, ना घट्टपणा. ठोकळा दाबताना किती जोर पुरे, काढताना नख कुठे घालायचं, शेजारचा तुकडा हलू न देता मधला कसा सोडवायचा, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं.

म्हणून ठोकळे खेळणारं मूल हुशार होतं का? इथं जपून बोललेलं बरं. वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्याची क्षमता सरावाने वाढते, असं दाखवणारा पुरावा भक्कम आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत २१७ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष तोच होता. गवंडी, सुतार, फिटर, शल्यविशारद, एक्स-रे वाचणारा डॉक्टर, सगळ्यांचं पोट या क्षमतेवर आहे. त्यापुढचे दावे ढिले आहेत. २००७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी ठोकळे पाठवले, तर सहा महिन्यांनी त्यांची भाषा इतरांपेक्षा वरचढ दिसली. छान बातमी. फक्त त्या अभ्यासाला पैसा ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही सोबत वाचायला हवं. आणि भाषा ठोकळ्यांमुळे सुधारली, की ठोकळ्यांच्या निमित्ताने आई-वडील मुलाजवळ जमिनीवर बसून बोलू लागले म्हणून? दुसरं कारण जास्त पटणारं आहे.

तेव्हा ‘बुद्धी वाढवणारा’ असं खोक्यावर छापलेलं बघून हजारोंचा संच घेण्याआधी थांबावं. महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर फार आधी शोधलंय. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसोरी पद्धतीचं काम केलं. ती साधनं सुबक, पण महाग. १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने खेड्यातल्या, पाड्यावरच्या मुलांसाठी बालवाड्या चालवताना ताराबाईंनी परदेशी धर्तीची साधनं बाजूला ठेवली आणि शिंपले, बिया, पानं, माती, काड्या घेतल्या. मुलांच्या बोटांनी तक्रार केली नाही.

दुसरं उदाहरण थेट ट्रकच्या कारखान्यातलं आहे. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये बाहेर पडलेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला लागले. ट्रक बनवणारी ही कंपनी, आताची टाटा मोटर्स. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांमधल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात ते सामील झाले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांची जोडणी शोधली. नळीचा छोटा तुकडा, त्यात दोन्ही बाजूंनी काडी, झाला सांधा. ट्रक बनवणं सुटलं, खेळणी सुरू झाली. पुढे पुण्यातल्या ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या काड्यांत अभियांत्रिकीचा पहिला धडा आहे. चार काड्यांचा चौकोन करा, एका कोपऱ्यावर बोट दाबा, तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, तो हलत नाही. चौकोनाला एक तिरपी काडी दिली की तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलावर, विजेच्या मनोऱ्यावर हीच तिरपी काडी दिसते. फक्त काड्यांचं गूल आधी मोठ्यांनी काढून द्यावं. तिथे पेट घेणारं रसायन असतं, आणि सोललेला भुगा पेटीच्या घासपट्टीजवळ ठेवू नये.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हल्ली पुठ्ठ्याचा टिप्पर किंवा जेसीबी हमखास असतो. दोन सिरिंजा, मध्ये पातळ नळी, आत रंगीत पाणी. इकडचा दट्ट्या दाबला की तिकडचा वर येतो आणि हौदा उचलला जातो. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम यात डोळ्यांनी दिसतो. हौद्याखालच्या सिरिंजेचा व्यास हातातल्या सिरिंजेच्या दुप्पट असेल तर जोर चौपट मिळतो. त्या बदल्यात दट्ट्याला पाव अंतरच चढता येतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर हौदा आचके देतो, कारण हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. पैशाच्या मानाने याहून चांगला प्रकल्प शोधून सापडणार नाही.

पण ती सिरिंज येते कुठून, हा प्रश्न पालकांनी आणि गुरुजींनी विचारायलाच हवा. वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेली सिरिंज लाल पिशवीत आणि सुई टोचणार नाही अशा बंद डब्यात जायला हवी. तरीही दवाखान्यामागच्या ढिगातून, ओळखीच्या कंपाउंडरकडून मुलं वापरलेल्या सिरिंजा मिळवतात. काही वेळा सुईसकट. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या माणसाला अशा रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. हिपॅटायटिस सीसाठी ती शंभरात तीनच्या आसपास आणि एचआयव्हीसाठी हजारात तीनच्या आसपास मानली जाते.

नवी, सीलबंद सिरिंज औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळते. सुई काढून दुकानातच परत द्यावी. कोणाला कचऱ्यातली सुई टोचलीच, तर जखम चोखू नये, दाबून रक्त काढू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. घरी रागावतील म्हणून मूल टोचलेलं लपवतं, आणि हे तास तिथेच वाया जातात.

दुसरा धोका घशाचा. २०१८ मध्ये सहा बालरोग वैद्यकांनी स्वतः लेगोच्या बाहुलीचं डोकं गिळलं आणि ते बाहेर पडायला किती वेळ लागतो हे मोजलं. सरासरी पावणेदोन दिवसांहून थोडा कमी. एकाचं डोकं सापडलंच नाही. प्रयोग गमतीचा, निबंध खरा. पण तो मोठ्या माणसांचा आणि गुळगुळीत, छोट्या प्लास्टिकचा आहे. त्यावरून निर्धास्त होऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलाचा श्वासमार्ग अरुंद आणि सगळं तोंडात घालायची सवय पक्की. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात मावणारा तुकडा लहान मुलांना धोक्याचा धरतात. घरात सव्वा इंची पाइपचा तुकडा असेल तर ही चाचणी कोणीही करू शकतो. थोरल्याचा ट्रक आणि धाकट्याचं रांगणं एकाच सतरंजीवर नको.

खरी भीती बटण सेलची. मॉडेल ट्रकच्या दिव्यांसाठी हे चपटे सेल सर्रास वापरतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या आवरणातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्क तयार होतं आणि दोन तासांत भोक पडण्याइतकी इजा होऊ शकते. मुलाला सुरुवातीला फक्त लाळ गळते, जेवण नको होतं. उलटी करवू नये, ‘शौचातून पडेल’ म्हणून केळं खाऊ घालत वाट पाहू नये. लगेच एक्स-रे काढावा. नाणं आणि सेल एक्स-रेमध्ये सारखेच गोल दिसतात, पण सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ असतं. शक्तिशाली लोहचुंबकाचे दोन मणी गिळले तर आतड्याच्या दोन वळ्या त्यांच्यात चिमटल्या जातात, तेही तातडीचंच प्रकरण. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेतल्या खेळण्यावर ते शोधावं आणि सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे का तेही पाहावं.

वर्षाचं मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मुरमुरा उचलत नसेल, दीड वर्षाचं दोन ठोकळेही रचत नसेल, किंवा वर्षाच्या आतलं मूल कायम एकच हात वापरत असेल, तर ‘करेल हळूहळू’ म्हणत बसू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. वाढीतला विलंब हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे आणि पुढचे उपचारही मोफत आहेत.

हातांची परीक्षा बालपणीच संपते असंही नाही. पक्षाघातानंतर हात किती सुधारला हे मोजायला तेच एक इंची ठोकळे वापरतात. खोक्याच्या एका कप्प्यात दीडशे ठोकळे, मिनिटभरात जमतील तेवढे एकेक करून पलीकडच्या कप्प्यात टाकायचे. निरोगी तरुण ऐंशीच्या आसपास टाकतो. कापूस वेचण्यात आयुष्य गेलेल्या आजीचा आकडा पाचावर आलेला असतो. तो पंधरावर जातो तेव्हा तिला भाकरीचा तुकडा मोडता येऊ लागलेला असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी २००४ मध्ये स्वमग्न मुलांसाठी ठोकळ्यांची एक पद्धत मांडली. त्यानंतर ब्रिटनमधल्या शाळांमध्ये तिची मोठी चाचणी झाली. फायदा दिसला, पण थोडा. पद्धत इतकी साधी आहे की घरातही जमते, आणि स्वमग्न नसलेल्या भावंडांनाही लागू पडते. एक ट्रक, तीन मुलं. पहिल्याच्या हातात चित्र असतं, पण ठोकळ्याला हात लावायची परवानगी नाही. तो फक्त सांगणार. दुसरा सांगितलेला तुकडा ढिगातून शोधून देणार. तिसरा जोडणार, पण चित्र बघणार नाही. ‘ते लाल, नाही, त्याच्या बाजूचं, लांबवालं’ यावर काम अडतं आणि पहिल्याला शब्द शोधावे लागतात. दहा-पंधरा मिनिटांनी कामं बदलायची. बहुतेक भांडणं मागचा आस बसवताना होतात. त्या वेळी मोठ्यांनी मध्ये पडू नये.